एव्हरेस्टवर गेलेल्या टीमचे अपडेट घरबसल्या कसे वाचायचे: पूजेपासून परत बेस कॅम्पपर्यंत

एप्रिल-मे आला की आपल्याकडच्या कुठल्या ना कुठल्या क्लबची पोरं नेपाळात मोठ्या शिखरावर असतात आणि इकडे घरचे, ऑफिसवाले, क्लबातले ज्युनियर सगळे मोबाइलला चिकटलेले. सुरेंद्र चव्हाण १९९८ ला एव्हरेस्टवर गेले, महाराष्ट्रातले पहिले, तेव्हा ट्रॅकर (माणूस कुठे आहे ते सॅटेलाइटवरून कळवणारं छोटं यंत्र) नव्हता की व्हॉट्सॲप नव्हतं. आता माहिती धो धो येते, पण तिचा अर्थच लागत नाही. मग दर मोहिमेत तोच फोन येतो, "अरे, परवा कॅम्प ३ ला होते म्हणालास ना, मग आज बेस कॅम्पला कसे? काही झालंय का, खरं सांग." काहीही झालेलं नसतं काकू, प्लॅनच तसा असतो.

मी इथे नेपाळच्या बाजूचा, म्हणजे साऊथ कोलचा (एव्हरेस्ट आणि शेजारच्या ल्होत्सेमधल्या खिंडीचा) रूट धरून लिहितोय. मनास्लू, कांचनजुंगा असलं काही असेल तर कॅम्पची नावं-उंची बदलेल, वाचायची पद्धत तीच.

आधी कागद-पेन घ्या

फ्रिजवर लावता येईल असा एक कागद बनवा. लुकला २,८६० मीटर, नामचे ३,४४०, डिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९०० च्या वर, गोरक्षेप ५,१६४, बेस कॅम्प ५,३६४. त्याच्या वर कॅम्प १ साधारण ६,०००, कॅम्प २ साधारण ६,४००, कॅम्प ३ सात हजार शंभर ते तीनशेच्या मधे (तंबू ल्होत्से फेसवर, म्हणजे ल्होत्सेच्या उभ्या बर्फाच्या भिंतीवर, कुठे लावलेत त्यावर ठरतं), कॅम्प ४ म्हणजे साऊथ कोल ७,९०० च्या आसपास. मग बाल्कनी (वाटेवरची थांबायची सपाट जागा) ८,४००, साऊथ समिट (मुख्य शिखराच्या अलीकडचा उंचवटा) ८,७५० च्या आसपास आणि टॉप ८,८४८.८६, ही उंची नेपाळ आणि चीननी मिळून डिसेंबर २०२० ला जाहीर केली. दोन वेबसाइट्सवर कॅम्प ३ ची उंची वेगळी दिसली म्हणून डोकं खाजवत बसू नका, कॅम्प दरवर्षी थोडे सरकतात.

कागदाच्या कोपऱ्यात वेळेचं लिहून ठेवा. नेपाळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. ट्रॅकरची पेजेस कधी कधी यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) दाखवतात, त्यात आपले साडेपाच तास मिळवायचे. हे केलं नाही तर "रात्री साडेतीनला समिट" आणि "सकाळी नऊला समिट" अशा दोन बातम्या एकाच माणसाच्या फिरतात आणि भांडणं होतात.

बातमीची साखळी जाण्याआधीच ठरवा

हे काम विमानतळावर हार घालताना नाही, महिनाभर आधी बसून करायचं. बेस कॅम्पवर टीमचा लीडर किंवा बेस कॅम्प मॅनेजर असतो, त्याच्या हातात वॉकीटॉकी, वरच्या कॅम्पांशी तोच बोलतो. त्याने गावात एकाच माणसाला कळवायचं, त्या माणसाने प्रत्येक घरातल्या एकाच माणसाला फोन करायचा, आणि घरांना कळल्यावर मगच ग्रुपवर आणि पेपरवाल्यांना. हा क्रम कागदावर लिहून सगळ्यांच्या समोर वाचून दाखवा. नाहीतर काय होतं की काठमांडूहून कुणीतरी परस्पर "समिट डन" टाकतो, ते चॅनलवर जातं, आणि त्या पोराच्या बायकोला शेजारीण पेढे मागायला येते तेव्हा कळतं. वाईट बातमी अशी पोचली तर काय होईल याचा विचारच करवत नाही.

आणि या साखळीतल्या गावातल्या माणसाकडे काय काय पाहिजे ते पण सांगतो: प्रत्येकाच्या पासपोर्टची आणि इन्शुरन्सची कॉपी, रक्तगट, ॲलर्जी, एजन्सीचा चोवीस तास चालणारा नंबर, आणि रेस्क्यूचा निर्णय घ्यायचा तर घरातलं कोण बोलणार ते नाव. इन्शुरन्स घेताना पॉलिसीत उंचीची मर्यादा किती ते डोळे फाडून वाचा, "ट्रेकिंग कव्हर्ड" लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात मर्यादा अशी की बेस कॅम्पच्या बरंच खाली ती पॉलिसी संपते.

ट्रॅकर किंवा सॅटेलाइट फोन घ्यायचा असेल तर तो काठमांडूतच एजन्सीकडून भाड्याने घ्या. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं बेकायदा आहे, आणि ते छोटं मेसेज पाठवणारं ट्रॅकरचं यंत्रसुद्धा त्यातच धरतात, विमानतळावर बॅगेत सापडल्यामुळे लोक पोलीस स्टेशनात गेलेत. बेस कॅम्पला तसंही सीझनमध्ये मोबाइलची रेंज आणि वायफाय कार्ड मिळतं, प्रश्न येतो तो वरच्या कॅम्पांचा.

लुकला ते बेस कॅम्प

या आठ-दहा दिवसात फोटो छान येतात, बातमी काही नसते. फक्त दोन गोष्टी. गर्दीच्या सीझनमध्ये लुकलाची बरीच विमानं काठमांडूहून न सुटता रामेछापहून सुटतात आणि हवा खराब असली की दोन-दोन दिवस सुटतच नाहीत, तेव्हा सुरुवातीलाच प्लॅन मागे पडला म्हणून अपशकुन वगैरे काढू नका. दुसरं, नामचे आणि डिंगबोचेला एक-एक जादा रात्र असते, ती आरामाची नाही, उंचीची सवय व्हावी म्हणून असते. त्या दिवशीही ते वर चढून परत खाली झोपायला येतात.

ऑक्सिमीटरचा फोटो आला तर? बेस कॅम्पला ८० ते ८५ दिसलं की कोविडच्या आठवणीने आपल्या पोटात गोळा येतो, तिथे तो आकडा रोजचा आहे. आकड्यापेक्षा माणूस नीट जेवतोय का, झोपतोय का, डोकं किती दुखतंय हे विचारा. सुका खोकला सगळ्यांनाच असतो, त्याला खुंबू कफ असं नावच पडलंय (खुंबू हा तो भाग, आणि कफ म्हणजे इंग्रजीतला खोकला).

पूजा आणि आइसफॉल

बेस कॅम्पला पोचल्यावर लामा येऊन पूजा करतात, आइस ॲक्स, क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे खिळे), हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) सगळं चोर्तेनपाशी, म्हणजे दगडांच्या छोट्या स्तूपापाशी, ठेवतात. पूजेआधी शेर्पा मंडळी डोंगरावर पाय ठेवत नाहीत, त्यामुळे "पोचून चार दिवस झाले अजून चढाई का नाही" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

मग खुंबू आइसफॉल, म्हणजे बेस कॅम्प आणि कॅम्प १ च्या मधला तुटक्या बर्फाचा उतार. इथला रूट उघडणारी वेगळी शेर्पा टीम असते, त्यांना आइसफॉल डॉक्टर म्हणतात, सागरमाथा पोल्युशन कंट्रोल कमिटीकडून ते नेमले जातात. शिड्या, दोर सगळं तेच लावतात आणि सीझनभर दुरुस्त करत राहतात, कारण ती बर्फाची नदीच आहे आणि ती रोज सरकते. आइसफॉल उघडलाच नाही तर वरचं सगळं थांबलं, मग तुमची टीम कितीही तगडी असो. म्हणून तुमच्या टीमच्या अपडेटबरोबर "आइसफॉल ओपन झाला का" आणि "फिक्स रोप (चढताना धरायला वाटेवर बांधून ठेवलेला दोर) कुठपर्यंत लागलाय" या दोन बातम्या बघत जा. निम्मा उशीर तिथेच समजतो.

आइसफॉलमध्ये टीम रात्री एक-दोनला निघते कारण थंडीत बर्फ घट्ट असतो, ऊन पडलं की सुटायला लागतो. पाच ते आठ तास लागतात. त्यामुळे मध्यरात्री ट्रॅकर हलायला लागला की समजायचं, कामावर निघालेत. सकाळी दहा-अकरापर्यंत कॅम्प १ किंवा कॅम्प २ ला पोचल्याचा मेसेज यायला हवा. १८ एप्रिल २०१४ ला याच आइसफॉलवर वरून हिमकडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार गेले, सगळे दुसऱ्यांचं सामान वर नेत होते किंवा रूटवर काम करत होते. आपल्या पोराची काळजी करताना त्याच्या शेर्पाचं नावही माहीत करून घ्या आणि विचारताना दोघांचं विचारा, एवढं तरी आपण करू शकतो.

रोटेशन: इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो

आता मुद्द्याचं. डोंगरावरची प्रगती जिन्यासारखी नसते. टीम वर जाते, परत खाली येते, अजून थोडी वर जाते, परत खाली येते. याला रोटेशन म्हणतात. पातळ हवेत गेल्यावर शरीर जास्त श्वास घ्यायला शिकतं, रक्तातल्या लाल पेशी वाढवतं, पण साडेपाच हजारांच्या वर शरीर झिजतही असतं, भूक मरते, झोप लागत नाही, वजन उतरतं, जखम भरत नाही. मग वर जाऊन शरीराला धक्का द्यायचा आणि खाली येऊन भरून काढायचं.

साधारण असं चालतं. पहिल्या रोटेशनला आइसफॉल चढून कॅम्प १, एखादी रात्र, मग वेस्टर्न कूम नावाच्या बर्फाच्या दरीतून दोन-तीन तासात कॅम्प २, तिथे एक-दोन रात्री आणि मग थेट बेस कॅम्प. दुसऱ्याला कॅम्प २ गाठून ल्होत्से फेसच्या निळ्या कडक बर्फावर जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) लावून कॅम्प ३, काही टीम तिथे झोपतात, काही नुसता टच करून परत. हल्ली बरेच जण आइसफॉलच्या फेऱ्या कमी करायला पहिलं रोटेशन लोबुचे ईस्टवर करतात, ६,११९ मीटरचं शिखर आहे, आइसफॉलच्या बाहेर. म्हणजे "लोबुचे ईस्ट समिट" असा मेसेज आला तर मोहीम बदलली असं नाही.

एक मेसेज घेऊन बघू. समजा आला, "कॅम्प ३ टच, बॅक टू कॅम्प २, विंड हाय, एक मेंबर स्लो, उद्या बीसी." (बीसी म्हणजे बेस कॅम्प.) घरी वाचणारा काय वाचतो? वारा जास्त, एकाची तब्येत बिघडली, म्हणून पळून येतायत. आता नीट बघा. कॅम्प ३ टच झाला म्हणजे रोटेशनचं काम पूर्ण. कॅम्प २ ला परत आले म्हणजे ठरलं तेच. वारा जास्त आहे तर तसाही एप्रिलच्या शेवटी वर जास्तच असतो. "एक मेंबर स्लो" हा एवढाच तुकडा विचारण्यासारखा आहे, आणि विचारायचं ते असं: तो स्वतःच्या पायांनी आला ना? खाल्लं का? रात्री श्वास कसा होता? बसल्या जागी धाप, छातीत घरघर, ओला खोकला म्हणजे फुप्फुसात पाणी, आणि बडबड, अडखळत चालणं, तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज. या दोन्हीला एकच खरं औषध, ताबडतोब खाली आणणं. डायमॉक्स, डेक्सा ही औषधं आणि ऑक्सिजन हे सगळं खाली आणेपर्यंतचा वेळ मिळवायला. नुसता दमलेला असेल तर एक दिवस कॅम्प २ वर झोपून माणूस ठीक होतो. बेस कॅम्पला सीझनमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या डॉक्टरांचं क्लिनिक असतं, तिथे दाखवलं का एवढं विचारलं की पुरे.

शेवटच्या रोटेशननंतर काही टीम अजून खाली, डिंगबोचे नाहीतर नामचेला जातात. जाड हवा, पोटभर जेवण, गाढ झोप. ट्रॅकरवर ते चक्क घराकडे निघालेत असं दिसतं, आणि मोठ्या चढाईची तयारी असते ती!

वाट बघणे

हा भाग घरच्यांना सगळ्यात जड जातो, वरच्यांनाही. वर्षातला बराच काळ शिखरावर जेट स्ट्रीमचा, म्हणजे फार उंचावरून जोरात वाहणारा, वारा झोडपत असतो. मान्सून यायच्या आधी मे महिन्यात तो उत्तरेकडे सरकतो आणि काही दिवस वारा पडतो, त्याला विंडो म्हणतात. कधी चांगली आठ-दहा दिवसांची सलग, कधी दोन-दोन दिवसांचे तुकडे. मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत रूट बंद होत येतो.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर विंडी ॲपवर ९,००० मीटरची लेव्हल लावा आणि एव्हरेस्टवर बोट ठेवा. युनिट आधी बघा, नॉट्स असेल तर १.८५ ने गुणल्यावर किलोमीटर होतात. ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या खाली आला की चढाईची बोलणी सुरू होतात, साठ-सत्तर दिसत असेल तर कोणी निघणार नाही. पाच दिवसांपुढचा अंदाज फार मनावर घेऊ नका आणि कृपा करून स्क्रीनशॉट काढून लीडरला पाठवू नका, त्याच्याकडे पैसे भरून घेतलेला अंदाज असतो.

विंडो छोटी आली की सगळ्या टीम एकदम निघतात. २२ मे २०१९ चा तो शिखराखालच्या रांगेचा फोटो सगळ्यांनी बघितलाय. म्हणून शहाणे लीडर कधी कधी पहिली विंडो मुद्दाम सोडतात. घरच्यांना वाटतं बाकीचे चढले, आमचेच बसलेत. बसू द्या.

समिट पुश, तासातासाने

समिट पुश म्हणजे शिखरासाठीची शेवटची चढाई. निघाल्याचा मेसेज आला की दिवस मोजा. पहिला दिवस बेस कॅम्प ते कॅम्प २. दुसरा दिवस तिथेच आराम. तिसरा कॅम्प ३. चौथा कॅम्प ४, यलो बँड आणि जिनिव्हा स्पर हे खडकाचे टप्पे पार करून. त्याच रात्री निघायचं, म्हणजे समिट पाचव्या दिवशी सकाळी. मधे वाऱ्यामुळे कॅम्प २ ला एक-दोन दिवस जास्त लागू शकतात. त्यामुळे ऑफिसातून रजा काढून टीव्हीसमोर बसणार असाल तर तारीख नंतर ठरवा.

शेवटच्या रात्री साधारण आठ ते दहाच्या मधे निघतात. बाल्कनीला पहाटेच्या आधी, साऊथ समिटला उजाडताना, आणि वर पहाटे चार ते सकाळी नऊच्या मधे कधीही. हिलरी स्टेपचं, म्हणजे शिखराच्या जरा खालच्या खडकाच्या उभ्या टप्प्याचं, नाव तुम्ही ऐकलं असेल, २०१५ च्या भूकंपानंतर तिचं रूप बदललंय, तरी तिथे एकेरी वाट असल्याने खोळंबा होतोच.

या रात्री खरं घड्याळ ऑक्सिजनचं असतं. चार लिटरची बाटली ३०० बार दाबाला भरलेली असली की आत साधारण १,२०० लिटर ऑक्सिजन. रेग्युलेटर (ऑक्सिजन किती सोडायचा ते ठरवणारा नॉब) मिनिटाला २ लिटरवर ठेवला तर दहा तास, ३ वर ठेवला तर सहा तास चाळीस मिनिटं, ४ वर पाच तास. म्हणजे रात्री नऊला निघून ३ च्या फ्लोवर चालणाऱ्याची बाटली पहाटे पावणेचारच्या सुमारास संपते. म्हणून बाल्कनीवर बाटली बदलायची, साऊथ समिटवर उतरतानाची ठेवायची असा हिशोब बांधलेला असतो. आता कळेल की दोन तास रांगेत अडकणं इतकं महागात का पडतं, पाय थांबलेत पण बाटली चालूच आहे. आणि हेही कळेल की लीडरने दिलेली परत फिरायची वेळ पाळणारा, शिखर दोनशे मीटरवर दिसत असताना मागे फिरलेला माणूस का शहाणा. सप्टेंबर २०२५ पासून स्प्रिंग सीझनच्या परमिटलाच १५,००० डॉलर लागतात, वर एजन्सीचे वेगळे, लोकांनी वर्गणी काढलेली असते, अशा वेळी फिरणं सोपं नाही. तो परत आल्यावर "अरेरे, थोडक्यात हुकलं" म्हणणाऱ्या नातेवाइकांना आधीच समज देऊन ठेवा.

या रात्री ट्रॅकर गप्प झाला तर? होतोच. उणे पंचवीस-तीसमध्ये बॅटरी पडते, यंत्र डाऊन सूटच्या (पिसं भरलेल्या जाड सूटच्या) आत गेलं की आकाश दिसत नाही, कधी तर ते शेर्पाच्या पिशवीत असतं किंवा सरळ कॅम्प ४ च्या तंबूतच राहतं आणि आपण इकडे म्हणतो हा दहा तास हललाच नाही. ट्रॅकरवर विश्वास कमी, बेस कॅम्पच्या वॉकीवर जास्त. तिथूनही काही नसेल तर ठरलेला माणूस दर दोन तासांनी एक फोन करेल, बाकी कोणी करायचा नाही, कारण बेस कॅम्पचा फोन तुमच्या चौकशीत अडकला तर वरचा कॉल कोण घेणार.

समिट झालं, पण पेढे थांबवा

"समिट" मेसेज आला की घरच्यांना सांगा, पण पोस्ट नको. अर्धं काम उरलेलं असतं, आणि दमलेल्या शरीराने, संपत आलेल्या ऑक्सिजनवर, उन्हाने मऊ झालेल्या बर्फात. कॅम्प ४ ला परतल्याचा मेसेज दुपारपर्यंत यायला हवा, काही जण त्याच दिवशी कॅम्प २ पर्यंतही उतरतात. कॅम्प २ गाठलं की मोठा श्वास घ्या, कारण हेलिकॉप्टरही साधारण तिथपर्यंतच येतं, त्याच्या वर बहुतांश वेळा माणसाला माणसांनीच आणावं लागतं. त्यानंतर शेवटचा आइसफॉल, आणि मग बेस कॅम्प. मी पोस्ट बेस कॅम्पचा मेसेज आल्यावरच टाकतो, कोणी कितीही घाई करो.

फोटोचा आग्रह मात्र धरा. वरचा चेहरा दिसेल असा, मागचा डोंगर ओळखू येईल असा फोटो, शेर्पाचं निवेदन आणि लीडरचा रिपोर्ट यावर नेपाळचं टुरिझम डिपार्टमेंट सर्टिफिकेट देतं. २०१६ ला पुण्यातल्या एका पोलीस दांपत्याने शिखर सर केल्याचा दावा केला, फोटो खोटे निघाले आणि नेपाळने दहा वर्षांची बंदी घातली. तेव्हापासून इथल्या खऱ्या चढाई करणाऱ्यांनाही लोक तिरकं विचारतात.

सीझनच संपला तर

कधी कधी कोणाचीच चूक नसते. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला, बेस कॅम्पवरच हिमप्रपात आला आणि नेपाळच्या बाजूने त्या वर्षी कोणी चढलं नाही. अशा मोठ्या घटनेत फोन लागत नाहीत, टीव्हीवर भलतेसलते आकडे फिरतात. तेव्हा साखळीतल्या माणसाने दर ठरलेल्या वेळी, "नवीन माहिती नाही" असेल तरी, तेच सगळ्या घरांना कळवायचं. गप्प राहिलं की लोक स्वतः बातमी बनवतात.

परत येताना

लुकलाहून विमान मिळायला पुन्हा दोन-तीन दिवस जाऊ शकतात, मेअखेर ढग आलेले असतात. पोराचं वजन बरंच उतरलेलं असणार, ओठ फाटलेले, आवाज गेलेला. बोटांना पट्टी असेल तर हिमदंश आहे, घरगुती उपाय, गरम पाण्याची पिशवी, मालीश यातलं काहीही न करता सर्जनकडे न्या, आणि कापायचं का हा निर्णय घाईत होऊ देऊ नका, किती बोट वाचणार हे कळायला आठवडे लागतात. विमानतळावर हस्तांदोलन करायला रांग लावणाऱ्यांनाही हे आधीच सांगा. ढोल-ताशाचं पथक बोलवणार असाल तर काठमांडूहून विमान सुटल्याचा मेसेज आल्यावरच त्यांना कन्फर्म करा, नाहीतर पथकाला दोनदा पैसे द्यावे लागतात.